धुराची उधारी

दिवाळी सरली की शहरांतल्या औषधांच्या दुकानांत एक ठरावीक गर्दी सुरू होते. बाळाला वाफ द्यायचं मशीन आहे का म्हणून विचारणारे आई-बाप, दम्याचा पंप संपला म्हणून सकाळी सकाळी आलेले आजोबा, पंधरवडा झाला तरी खोकला हटत नाही म्हणून दुसऱ्यांदा औषध बदलून घेतलेला रिक्षावाला. यातल्या प्रत्येक खरेदीचं बिल होतं आणि ती रक्कम देशाच्या सकल उत्पादनात, म्हणजे जीडीपीत, जमेच्या बाजूला पडते. डॉक्टरांची फी पडते, एक्स-रे पडतो, घरात हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलं तर तेही पडतं. रिक्षावाल्याचे बुडालेले चार दिवस मात्र कुणाच्याच वहीत चढत नाहीत. आजोबांना दवाखान्यात नेण्यासाठी सुनेने टाकलेला खाडा आणि नातवाची बुडालेली शाळा यांचीही नोंद कुठे होत नाही.

म्हणून ‘प्रदूषण परवडलं, पण विकास थांबायला नको’ असं कुणी म्हणतं तेव्हा मला आधी त्या हिशेबाची वही पाहावीशी वाटते. धूर सोडणाऱ्याची बचत ताळेबंदात ठळक दिसते. त्या धुराची किंमत लाखो घरांत शे-दोनशे रुपयांनी, एकेका खाड्याने फेडली जाते आणि विखुरलेली असल्यामुळे दिसत नाही. माल एकाने उचलायचा आणि उधारी दुसऱ्याच्या नावावर मांडायची, असा हा व्यवहार आहे. भारतात या उधारीचा आकडा किती आहे, तो काढतात कसा आणि फेडतं कोण, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी मूळ दुखण्याबद्दल थोडं. हवेतल्या प्रदूषकांत सगळ्यांत घातक ठरतात ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते. तेवढ्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील. इतके बारीक कण नाकाला आणि घशाला दाद देत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतले काही थेट रक्तात उतरतात. त्यामुळे नुकसान खोकल्यावर आणि दम्यावर थांबत नाही. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, मधुमेह, कमी वजनाची बाळं, इथपर्यंत ते पोचतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं सांगितलं. भारताचं २००९ पासूनचं मानक ४० आहे, आणि कितीतरी शहरांना तेवढंही पाळता येत नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘हवा’ असं कधीच लिहिलेलं नसतं. तिथे हृदयक्रिया बंद पडलेली असते किंवा न्यूमोनिया झालेला असतो. मग प्रदूषणाचे मृत्यू मोजतात कसे? लाखो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांतून हवेतले कण इतक्याने वाढले तर अमुक रोगाचा धोका इतक्याने वाढतो, असा संबंध बांधला गेला आहे. त्याला त्या त्या भागातल्या कणांच्या पातळीची आणि तिथल्या मृत्यूंच्या आकड्यांची जोड दिली की, हवा स्वच्छ असती तर त्या वर्षी यातले किती मृत्यू टळले असते, याचा अंदाज निघतो. तंबाखूचे बळीही असेच मोजतात. त्यांच्याही दाखल्यावर ‘विडी’ असं लिहिलेलं नसतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर), पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि इतर संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी याच पद्धतीने २०१९ सालचा हिशेब मांडला. तो डिसेंबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या एका वर्षात देशात १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी १७.८ टक्के. आजारपणामुळे आणि अकाली मृत्यूंमुळे जे उत्पादन बुडालं त्याची किंमत ३,६८० कोटी डॉलर, रुपयांत सुमारे २ लाख ६० हजार कोटी, जीडीपीच्या १.३६ टक्के. यातला चार पंचमांशाच्या आसपास भाग मृत्यूंचा होता, उरलेला आजारपणाचा.

आता दुसरा आकडा पाहा. जागतिक बँकेने वॉशिंग्टन विद्यापीठातल्या आरोग्य-मापन संस्थेबरोबर २०१६ मध्ये एक अहवाल काढला. त्यात २०१३ सालासाठी भारताचं नुकसान जीडीपीच्या आठ टक्क्यांच्या आसपास भरलं. एकीकडे सव्वा-दीड टक्का, दुसरीकडे आठ. असे आकडे पाहिले की लोक म्हणतात, या तज्ज्ञांचंच काही खरं नाही. दोन्ही आकडे खरे आहेत. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि हा फरक कळला की पुढचं बरंच काही उलगडतं.

पहिल्या पद्धतीत विचारलं जातं की गेलेला माणूस जगला असता तर आणखी किती कमावलं असतं. चाळिशीतला गवंडी गेला तर त्याच्या उरलेल्या कामाच्या वर्षांचं उत्पन्न बुडालं. हा हिशेब राजकोषाला समजतो, अर्थमंत्र्यांनाही समजतो. पण यात जगण्याची किंमत पगाराएवढी होते. सत्तरीतली आजी गेली तर तोटा जवळपास शून्य. घर सांभाळणारी बाई गेली तर तिच्या कामाला बाजारभाव नाही म्हणून तोही कमी. गरीब जिल्ह्यातला शेतमजूर गेला तर मुंबईतल्या बँक अधिकाऱ्यापेक्षा कमी. लॅन्सेटच्या त्या अभ्यासात दरडोई तोटा सर्वाधिक दिल्लीचा निघाला आणि राज्याच्या उत्पन्नाच्या तुलनेत सर्वाधिक तोटा उत्तर प्रदेश आणि बिहारचा. ज्यांची कमाई मुळातच तुटपुंजी, त्यांच्या राज्याच्या तिजोरीला धूर जास्त झोंबतो, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या पद्धतीत प्रश्न उलटा आहे: मरणाचा धोका थोडासा कमी करण्यासाठी लोक स्वतः किती पैसे मोजायला तयार असतात? समजा, एक लाख वस्तीच्या गावात अमुक उपाय केला तर वर्षाला एक मृत्यू टळणार आहे आणि त्यासाठी प्रत्येक जण ५०० रुपये द्यायला राजी आहे. एकूण पाच कोटी जमले. अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की हे गाव एक जीव वाचवण्याची किंमत पाच कोटी धरतं. इथे आजीचाही धोका मोजला जातो आणि बाळाचाही, कारण जगण्याची इच्छा पगारपत्रकावर अवलंबून नसते. जागतिक बँकेच्या आठ टक्क्यांतला मोठा हिस्सा या पद्धतीने आला. नुसती बुडालेली मजुरी मोजली तर त्याच अहवालात भारताचा आकडा एक टक्क्याच्या खाली होता. माझं मत विचाराल तर धोरण ठरवताना दुसराच हिशेब पुढे ठेवायला हवा. पहिला हिशेब माणसाला केवळ कामाचं जनावर धरतो.

डालबर्ग या सल्लागार संस्थेने २०२१ मध्ये तिसऱ्याच बाजूने पाहिलं. भारतातल्या उद्योग-व्यापाराला प्रदूषणाचा फटका किती, हा तिचा प्रश्न होता. उत्तर आलं वर्षाला सुमारे ९,५०० कोटी डॉलर, जीडीपीच्या तीन टक्के. यात कामावर न आलेले दिवस होते, आलेल्यांचं मंदावलेलं काम होतं, आणि हवा वाईट असली की लोक बाजारात, हॉटेलांत, पर्यटनाला कमी जातात त्याचाही हिशेब होता. त्यातला मंदावलेल्या कामाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आजारी न पडलेल्या माणसाबद्दल आहे.

चीनमधल्या एका मोठ्या प्रवास कंपनीची शांघाय आणि नानतोंग इथे कॉल सेंटरं आहेत. तिथले कर्मचारी बंद इमारतीत खुर्चीवर बसून फोन घेतात आणि कुणी किती फोन घेतले याची नोंद यंत्र ठेवतं. संशोधकांनी ती नोंद शहराच्या हवा निर्देशांकाशी ताडून पाहिली. निर्देशांक दहा अंकांनी चढला की दिवसभरात घेतलेल्या फोनची संख्या ०.३५ टक्क्याने घटत होती. हा आकडा किरकोळ वाटेल, पण आपल्या शहरांत हिवाळ्यात निर्देशांक शंभर-दोनशे अंकांनी सहज वर जातो. त्याआधी कॅलिफोर्नियात नाशपती पेट्यांत भरणाऱ्या कामगारांवर असाच अभ्यास झाला होता. त्यांना मजुरी नगावर मिळे, म्हणून कामाचा वेग पैशांतच दिसायचा. पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढले की तासाची कमाई सुमारे सहा टक्क्यांनी उतरायची. कामगार छपराखाली होते, कुणी रजा घेतली नव्हती, कुणी डॉक्टरकडे गेलं नव्हतं. कण भिंतींतून, फटींतून आत येत होते आणि हात थोडे हळू चालत होते.

भारतातलं उदाहरण बंगळुरूच्या एका कापड-शिलाई कंपनीचं आहे. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत नैषधम या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तिथे शिलाईच्या प्रत्येक रांगेचं काम आणि कारखान्यातल्या हवेतले कण यांची सांगड घातली. हवा बिघडली की रांगेचं काम मंदावत होतं. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. काही सुपरवायझर सतत रांगेत फिरत, कोण मागे पडतंय ते हेरत आणि त्या बाईला थोडा वेळ सोप्या कामावर बसवून तिच्या मशीनवर दुसरीला आणत. त्यांच्या रांगांचं नुकसान बरंच कमी होतं. जे सुपरवायझर आपल्या जागेवरून हलत नसत, त्यांच्या रांगा हवेबरोबर खाली जात. म्हणजे धुराचा तोटा झाकायलाही माणसाचे कष्टच लागतात, आणि त्या जादा कष्टांचा पगार कुणी देत नाही.

भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, बांधकामाच्या साइटवर, वीटभट्टीवर मजुरी अशीच कामाच्या मापावर असते. तिथे हात मंदावले की तोटा मालकापर्यंत पोचायच्या आधी कामगाराच्या आठवड्याच्या हिशेबातून जातो. त्याला भरपगारी रजा नसते, त्यामुळे आजारपणाचा ‘खाडा’ आकडेवारीत फारसा दिसत नाही. तो खोकत खोकत कामावर येतो. आणि दवाखान्याचा खर्च? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे होतं, तेव्हा सुधारणा झाली आहे हे मान्यच करायला हवं. पण दम्यासारखं दुखणं भरती होऊन एकदाच मिटत नाही. त्याला महिन्याच्या महिन्याला पंप लागतो, गोळ्या लागतात, आणि दवाखान्यात भरती न होता घेतलेले हे उपचार बहुतेक सरकारी विमा योजनांच्या बाहेर राहतात.

शहराचा धूर शेताचं काय करतो, हे त्याहून कमी लोकांना माहीत आहे. वाहनांतून आणि कारखान्यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि बाष्पशील सेंद्रिय वायू उन्हात एकमेकांशी भिडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. वरच्या थरातला ओझोन आपलं रक्षण करतो. हा खालचा मात्र विषारी असतो. तो तयार व्हायला काही तास लागतात. तोवर वारा त्या वायूंना शहराबाहेर घेऊन गेलेला असतो, त्यामुळे कित्येकदा धुराडं ज्या गावात आहे त्याच्यापेक्षा पलीकडच्या तालुक्यातल्या शिवारावर ओझोनचं प्रमाण जास्त भरतं. पानांवरच्या ज्या रंध्रांतून झाड श्वास घेतं, त्यांतूनच तो आत शिरतो आणि पेशी जाळतो. झाड आपली ताकद दाणा भरण्याऐवजी जखमा भरण्यावर घालवतं. शेतकऱ्याला दिसतं ते एवढंच, की पाणी वेळेवर दिलं, खत दिलं, तरी यंदा उतारा कमी आला.

पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नुकसान जिल्हावार काढलं. कापूस, सोयाबीन, भात आणि गहू अशी चार पिकं त्यांनी घेतली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाप्रमाणे या शतकाच्या पहिल्या दशकात ओझोनमुळे वर्षाला सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडत होता, मुख्यतः मध्य आणि उत्तर भारतात. अन्नसुरक्षा कायद्याखाली सरकारला वर्षाला ६ कोटी १२ लाख टन धान्य लागतं असं धरलं, तर हा तोटा त्याच्या ९.२ टक्के होतो. दारिद्र्यरेषेखालच्या ९ कोटी ४० लाख माणसांचं पोट भरेल एवढं ते धान्य. त्याच वर्षी जेनिफर बर्नी आणि वीरभद्रन रामनाथन यांनी दुसऱ्या रीतीने गणित केलं: १९८० पासून हवामानात आणि प्रदूषणात जो बदल होत गेला तो झाला नसता, तर २०१० मध्ये गव्हाचं उत्पन्न जितकं असतं त्यापेक्षा ते ३६ टक्क्यांपर्यंत कमी भरलं, आणि यातला बहुतेक वाटा काजळी आणि ओझोन यांचा होता. एखाद्या वर्षी गारपीट झाली तर पंचनामे होतात, भरपाईची घोषणा होते. ओझोनचा पंचनामा करायला कुठला तलाठी जाणार? डोळ्यांना न दिसणारी ही गारपीट दर वर्षी होते आणि तिचं नाव कुठल्याही पीकविम्याच्या कागदावर नाही.

धुराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे चिमण्या आणि ट्रक येतात. पण २०१९ च्या त्या १६ लाख ७० हजार मृत्यूंपैकी सहा लाखांहून अधिक घरातल्या धुराचे होते. विदर्भातल्या एखाद्या गावात संध्याकाळी चुलीपुढे बसलेली बाई पाहा. हंगाम संपल्यावर शेतातून उपटून आणलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या कोपऱ्यात रचलेल्या असतात. ओलसर असल्या की पेट घेत नाहीत, मग गोवरीचा तुकडा आणि रॉकेलचा बोळा. फुंकणीने फुंकायला तोंड जाळाच्या हातभर अंतरावर न्यावं लागतं. डोळ्यांतून पाणी येतं, ते पदराने टिपून पुन्हा फुंकणी. पाठीशी लहान मूल. असं दिवसातून दोनदा, लग्न झाल्यापासून. आयुष्यात विडी न ओढलेल्या या बायकांना पन्नाशीत जिना चढताना धाप लागते आणि डॉक्टर सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं निदान करतात, तेव्हा घरच्यांना वाटतं वय झालं.

इथे एक चांगली गोष्ट ठासून सांगायला हवी. घरातल्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर १९९० पासून २०१९ पर्यंत ६४ टक्क्यांनी उतरला. गॅस, वीज, पक्की घरं, सगळ्याचा त्यात वाटा आहे. मे २०१६ मध्ये बलियाहून सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेची आठ कोटीवी गॅसजोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादेत दिली गेली. अडचण जोडणीनंतर सुरू होते. उज्ज्वलाचं कुटुंब २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर भरून घेत होतं. आता हा आकडा चारच्या वर गेला आहे, पण पूर्ण स्वयंपाक गॅसवर करायचा तर त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. कारण साधं आहे. पऱ्हाटीला रोख पैसे पडत नाहीत, सिलिंडरला पडतात. सिलिंडरमागे ३०० रुपयांचं अनुदान आहे, तरीही उरलेली रक्कम मजुरीच्या दीड-दोन दिवसांची असते. बाईच्या फुप्फुसाचा खर्च वीस वर्षांनी येणार असतो, तेलामिठाचा आज येतो. या अनुदानाला ‘रेवडी’ म्हणणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं की देशात हवेवर खर्च होणाऱ्या पैशांत इतक्या थेटपणे जीव वाचवणारा दुसरा पैसा सापडणं कठीण आहे. शिवाय चुलीचा धूर घरात थांबत नाही. कौलांतून बाहेर पडून तो साऱ्या गावाच्या हवेत मिसळतो.

धूर थांबवण्याचा खर्चही असाच गरिबाच्या दारी येतो. दिल्लीत हिवाळ्यात हवा अतिवाईट झाली की टप्प्याटप्प्याने निर्बंध लागू होतात. त्यांत बांधकामं बंद पडतात. धूळ कमी होते हे खरं, पण त्या सकाळी नाक्यावर कामासाठी उभ्या असलेल्या मजुराची रोजी जाते. वर्षभर सगळ्यांत जास्त धूळ ज्याने खाल्ली, त्याच्याकडूनच ती थांबवण्याचीही किंमत घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये राज्यांना बजावलं की बांधकाम बंद असेल त्या काळात कामगारांना कामगार उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता द्या. भत्ता मिळण्यासाठी कल्याणकारी मंडळात नोंदणी लागते, आणि नाक्यावरचा पुष्कळसा मजूर नोंदलेला नसतो. मुंबईतही २०२३ च्या ऑक्टोबरात हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने साइटभोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे असे नियम काढले. २०२४ च्या डिसेंबरअखेर बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली बांधकामं सरसकट थांबवली. रोगावर आधी उपाय केला नाही की शेवटी असाच आडवातिडवा घाव घालावा लागतो, आणि तो कमकुवत जागीच बसतो.

सौरऊर्जेचंही नुकसान होतं, ते सांगून पुढे जातो. आयआयटी गांधीनगर आणि ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की हवेतले आणि पॅनेलवर बसलेले कण मिळून उत्तर भारतासारख्या भागात सौर वीजनिर्मिती १७ ते २५ टक्क्यांनी घटवू शकतात. म्हणजे कोळशाच्या धुराने त्याच्याच पर्यायाला लंगडं केलं.

आणि कोळशाचा विषय चंद्रपूरशिवाय पुरा होत नाही. महानिर्मितीचं तिथलं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. भोवती कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यांत ४३ ‘अतिप्रदूषित’ ठरले. चंद्रपूर त्यांत बरंच वर होतं. डोंबिवली, तारापूर, नवी मुंबई आणि औरंगाबादही होते. जानेवारी २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना मंजुरी देणं थांबवलं. प्रदूषणाने विकास कसा अडतो याचं याहून सरळ उदाहरण नको: आधीच्या कारखान्यांनी हवेची जागा खाऊन टाकली होती, नव्यांना शिल्लकच उरली नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी कडक मानकं जाहीर केली. दोन वर्षांत धुराड्यातला सल्फर डाय-ऑक्साइड शोषून घेणारी यंत्रणा, एफजीडी, बसवायची होती. हा वायू हवेत जाऊन सल्फेटचे बारीक कण बनतो आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतो. मुदत २०१७ ची होती, ती २०२२ झाली, मग आणखी पुढे. जुलै २०२५ मध्ये मंत्रालयाने देशातल्या बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतूनच सूट दिली. सरकारचा युक्तिवाद असा की भारतीय कोळशात गंधक कमी असतं, हवेतला सल्फर डाय-ऑक्साइड मानकाच्या आतच आहे आणि यंत्रणा बसवली तर वीज महागेल. पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे, पण ते वायूबद्दल आहे; त्यापासून पुढे बनणाऱ्या कणांबद्दल नाही. तिसरा मुद्दा युनिटमागे काही पैशांचा आहे. ते पैसे वाचले असं म्हणता येईल का? २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाप्रमाणे भारतातली चालू आणि नियोजित कोळसा केंद्रं मिळून वर्षाला सुमारे १ लाख १२ हजार मृत्यूंना कारण ठरतात. विजेच्या बिलात न आलेले पैसे तिथे गेले.

स्वच्छ हवा परवडत नाही, हे म्हणणं अनुभवाला धरून नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या सुधारणांचा ताळा केला तेव्हा २०२० पर्यंत खर्चाच्या तीसपट फायदा निघाला. चीनने २०१३ मध्ये प्रदूषणाविरुद्ध कंबर कसली आणि दहा वर्षांत बारीक कण चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरवले. त्या काळात त्याची अर्थव्यवस्था वाढतच राहिली. ते श्रीमंत, ते हुकूमशाही, असं म्हणून हे दाखले बाजूला ठेवता येतील. मग सुरतचा घ्या.

गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये सुरतच्या कारखान्यांसाठी कणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू केला. त्यातले बहुतेक कापड प्रक्रियेचे, कोळशावर बॉयलर चालवणारे. चिमणीवर सतत मोजणारं यंत्र बसवलं, सगळ्यांनी मिळून किती धूर सोडायचा याची कमाल मर्यादा ठरवली आणि तेवढ्याच धुराचे परवाने कारखान्यांत वाटले. कमी धूर सोडणाऱ्याने उरलेले परवाने विकायचे, जास्त सोडणाऱ्याने विकत घ्यायचे, ज्याच्याकडे पुरेसे नाहीत त्याने दंड भरायचा. तीनशेहून अधिक कारखान्यांतून चिठ्ठ्या टाकून निम्मे या बाजारात घेतले, निम्मे जुन्याच नियमांवर ठेवले, म्हणजे तुलना चोख व्हावी. मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन यांनी काढलेला निष्कर्ष असा: बाजारातल्या कारखान्यांचे कण २० ते ३० टक्क्यांनी घटले, प्रदूषण रोखण्याचा त्यांचा खर्च ११ टक्क्यांनी कमी झाला आणि समाजाचा फायदा खर्चाच्या निदान पंचवीसपट होता. हे आपल्या शेजारच्या राज्यात घडलं, आपल्यासारख्याच मंडळाने, आपल्यासारख्याच कारखानदारांबरोबर.

याउलट राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा पैसा बघा. जानेवारी २०१९ मध्ये तो सुरू झाला, सुमारे १३० शहरांत पोचला, त्यांतली १९ महाराष्ट्रातली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये खर्चाची छाननी केली तेव्हा ६४ टक्के निधी रस्त्यावरच्या धुळीवर गेलेला दिसला: डांबरीकरण, झाडणारी यंत्रं, पाण्याचे फवारे. उद्योगांच्या धुरावर एक टक्कासुद्धा नाही. रस्त्याची धूळ जाड असते, ती घशात अडकते. हृदयापर्यंत जातात ते जाळण्यातून आलेले बारीक कण, आणि पैसा तिकडे फारसा वळत नाही, कारण फवारा मारणारा ट्रक रस्त्यावर दिसतो आणि चिमणीवरचं मोजमाप दिसत नाही.

महाराष्ट्रात एक जागा अशी आहे जिथे ही वही उघडता येईल. वीजदर ठरवण्याआधी राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि ग्राहकांच्या हरकती मागवतो. तिथे कोळशाचा भाव, वाहतूक, गळती, कर्जावरचं व्याज, सगळं पैशापैशाने तपासलं जातं. चंद्रपूरच्या घुग्घुस-दुर्गापूरकडच्या माणसाने पंपांवर आणि गोळ्यांवर वर्षाला किती घातले, याला त्या तक्त्यात रकाना नाही. तो भरायला लागणारी सामग्री आहे: राज्यवार आजारांचे आकडे आयसीएमआरकडे आहेत, धूर कुठे जातो ते सांगणारी प्रारूपं पुण्यात पाषाणला चालतात, चिमण्यांवरच्या यंत्रांची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रोज येते. पुढच्या दरवाढीच्या सुनावणीत ग्राहक संघटनांनी हरकतीच्या अर्जाबरोबर हा तक्ता जोडावा, आणि युनिटमागे वाचलेल्या पैशांच्या शेजारी तो वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा.